आधी डायरी, मग लिमा

दक्षिण अमेरिकेतून परतलेल्या माणसानं डोंगर, जुने राजे, सोन्याचे मुखवटे असं काहीतरी लिहावं अशी वाचकांची अपेक्षा असते. ती ज्यांची असेल त्यांनी दुसरं पुस्तक उघडावं. मी पेरू देशातल्या लिमा शहरात चार दिवस राहून आले, आणि त्या चार दिवसांत सगळ्यात जास्त काय पाहिलं, तर माझा नवरा कागदाशी कसा वागतो ते. हे दृश्य मी आदिलाबादेत बत्तीस वर्षं घरबसल्या पाहते आहे. त्यासाठी तीन विमानं बदलायची गरज नव्हती.

आदिलाबाद

आमची एकुलती लेक पल्लवी कंपनीच्या कामासाठी वर्षभर लिमात आहे. आषाढात एका सकाळी तिचा फोन आला.

"आई, मले चार दिवस सुट्टी भेटून राह्यली. तुमी दोघं या. अन् बाबाले सांग, प्लॅन काई करू नका. सकाळी उठू, पाहू, वाटलं तं जाऊ."

फोन स्पीकरवर होता. चहाचा कप तसाच हातात धरून ह्यांनी विचारलं, "पाहू म्हणजे? कोन पाहीन? कवा पाहीन?"

हे महसूल खात्यात गिरदावर होते. गावोगाव फिरायचं, पिकं पाहायची, जमिनीचे तंटे ऐकायचे आणि वर कळवायचं, असं ते काम. कुठल्या तारखेला कुठल्या गावी जाणार याचा कार्यक्रम महिनाभर आधी कचेरीत द्यावा लागे, आणि महिना संपला की दौऱ्याची डायरी. दोन्ही कागद तंतोतंत जुळले पाहिजेत, नाहीतर वरून खुलासा मागवत. मग शहाणे गिरदावर काय करत, तर दोन्ही एकाच बैठकीत लिहून मोकळे होत. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला ज्वारी कशी दिसली हे आमच्याकडे या महिन्याच्या अठ्ठावीसलाच ठरलेलं असे. ज्वारीची काय बिशाद वेगळं दिसण्याची.

नोकरी संपली, रोग राहिला. एकदा माहूरला निघालो, गाडी अर्ध्या वाटेत बंद पडली, ट्रकमध्ये बसून घरी परत आलो. पण डायरीत 'दर्शन सुरळीत झाले' असं निघायच्या आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे आमच्या घरात माहूर झालेलं आहे. पुन्हा जाऊ म्हटलं तर हे म्हणतात, "आता तं गेलतो."

म्हणून मी तेव्हाच अट घातली. चार दिवस, कागद नाही. कार्यक्रम नाही, यादी नाही, डायरी तर नाहीच. कागदाचा चिटोरा जरी दिसला तर यापुढे मी ह्यांच्यासोबत कुठंही जाणार नाही. बेल्लमपल्लीला बहिणीकडे जायचं असलं तरी एकटी जाईन. हे मी चिडून बोलले असले तरी गंमतीनं बोलले नव्हते. ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मंजूर." कचेरीत या शब्दानंतर सहा महिने काहीच होत नसे, हे मला आठवायला हवं होतं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या लोणकर वहिनी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या.

"लिमा अमेरिकेतच हाय ना? आमचा सुनील न्यू जर्सीत राह्यते. त्याले एवढं देऊन द्या."

मी सांगितलं, वहिनी, ही दुसरी अमेरिका. तिथून सुनीलकडे जायला पुन्हा आठ तासांचं विमान लागतं.

"खाली हाय ना तुमचं गाव? मंग उतरता उतरता देजा," वहिनी म्हणाल्या. जगाचा नकाशा त्यांनी बसचा मार्ग आहे असं समजून पाहिला होता, आणि डबा आमच्या सामानात ठेवूनच त्या गेल्या.

मीही काही कमी नव्हते. मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ असं सगळं मी तीन तीन पिशव्यांत बांधलं. मिरची आणि शेंगदाणा हे दोन्ही मूळचे त्याच मुलखातले, हे मी तीस वर्षं सातवीच्या पोरांना भूगोलात शिकवलं आहे. तरीही बांधलं. शिकवणं वेगळं आणि सामान बांधणं वेगळं.

इचोडा

हैदराबादेला विमान पकडायचं होतं. टॅक्सी इचोड्यात चहाला थांबली, आणि मला माहीत होतं तेच झालं. हे खाली उतरले, धाब्यापलीकडच्या शेतांकडे बोट केलं आणि टॅक्सीवाल्याला म्हणाले, "आमची पल्लवी झाली ना, त्या दिवशी मी हितं होतो. कापसाचा मुआयना करून राह्यलो होतो."

मुआयना म्हणजे पाहणी. निजामाचं राज्य गेलं पण त्याचे शब्द ह्यांच्या तोंडून निवृत्त झालेले नाहीत.

आता खरं काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पल्लवी झाली त्या दिवशी हे इचोड्यात नव्हते. दौरा सोडून, साहेबांना न सांगता, आदिलाबादच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळपासून उभे होते. माझ्यासाठी घरून फ्लास्कमध्ये चहा करून आणला होता. त्याआधी आणि त्यानंतर ह्यांनी कधी चहा केल्याचं मला आठवत नाही. पण डायरी आधीच लिहिलेली होती. तिच्यात इचोडा होतं, कापूस होता, 'पीक समाधानकारक' होतं, आणि खाली साहेबांची सही झाली.

पहिली दोन वर्षं हे भीतीपोटी इचोडा सांगत. नंतर सवयीनं सांगू लागले. आता ह्यांना खरंच तसं वाटतं. मी किती वेळा म्हटलं, अहो, तुम्ही दवाखान्यात होता, मी पाहिलं ना तुम्हाला. त्यावर हे कपाटातून ती डायरी काढतात आणि बोट ठेवून दाखवतात. लग्नाच्या बत्तीस वर्षांत ह्या माणसानं माझ्यासाठी स्वतःच्या मनानं केलेली ती एक गोष्ट, आणि तिला साक्षीदार फक्त मी. करणारा स्वतःच दुसऱ्या गावी होता म्हणतो.

म्हणून मला हे चार दिवस कोरे हवे होते. निदान हे चार दिवस तरी दोघांना सारखे आठवावेत, एवढंच माझं मागणं होतं. टॅक्सीवाला मात्र कापूस कसा होता ते विचारत होता.

लिमा: पहिला दिवस

विमानांचं काही सांगत नाही. माझ्या गुडघ्यांना विचारा.

पल्लवीचं घर समुद्राकाठच्या उंच कड्यावर, सातव्या मजल्यावर आहे. पहाटे जाग आली तर गिरदावर खिडकीशी उभे. बाहेर ओल्या राखेच्या रंगाचं धुकं. समुद्राचा नुसता आवाज.

"सूर्य काऊन नाई निघून राह्यला?" ह्यांनी मलाच विचारलं, जणू तो माझ्या हाताखाली होता.

चहा घेऊन पल्लवी आली. "बाबा, इथं आता हिवाळा हाय, हिवाळाभर असंच राह्यते. अन् समुद्र पश्चिमेले हाय. सूर्य तिकून निघत नाई, तिकडं बुडते."

ह्यांचा चेहरा पडला. सूर्य दिसला नाही म्हणून माणूस इतका खचत नाही, तेव्हा मला शंका आली. मी ह्यांची पिशवी उघडली. स्वेटरच्या आत, दोन बनियनांच्या मध्ये, तपकिरी पुठ्ठ्याची डायरी. चारही दिवस भरलेले. पहिल्या पानावर ह्यांच्या गोल अक्षरात: 'पहाटे समुद्रातून होणाऱ्या सूर्योदयाचा मुआयना केला. चित्त प्रसन्न झाले.'

मी डायरी टेबलावर ठेवली आणि बाल्कनीत जाऊन धुकं पाहत बसले. रडू आलं होतं, पण ते राग होता म्हणून. हे मागून येऊन म्हणाले, "सवय हाय माही. कोणाले दाखवाचं थोडं हाय?" म्हणजे ज्या एकमेव माणसाला वचन दिलं होतं तो ह्यांच्या हिशेबी 'कोणा'त मोडतच नव्हता.

दुसरा दिवस

मी अबोला धरला होता, पण हिंडायचं सोडलं नाही. पल्लवी आम्हाला शहराच्या मधोमध असलेला मातीच्या विटांचा एक जुना डोंगर दाखवायला घेऊन गेली. दीड हजार वर्षं टिकलाय म्हणे, कारण लिमात पाऊस पडतच नाही. आदिलाबादच्या एका श्रावणात त्याचा चिखल झाला असता. गेलो तर फाटकाला कुलूप, त्या दिवशी बंद.

"उद्या येऊ," पल्लवी म्हणाली.

"काऊन? नोंद झाली ना," हे म्हणाले. डायरीत दुसऱ्या पानावर तो डोंगर 'प्रेक्षणीय' निघाला होता. कुंपणाबाहेरून दोन मिनिटं पाहून हे पुढे चालू लागले.

रस्त्यात एक बाई उकडलेली कणसं विकत होती. एकेक दाणा चिंचोक्याएवढा, पांढरा, सोबत चीजचा जाड तुकडा. मी आणि पल्लवीनं घेतलं. आपल्या कणसाला जो गोडवा असतो तो त्याला नाही, पण पोट भरतं. ह्यांनी घेतलं नाही. दुपारचं जेवण डायरीत 'घरी, साधे' असं होतं.

पल्लवी हसत होती तोवर हसत होती. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुमी आले का तुमची फाईल आली?"

हे दुकानांच्या पाट्या वाचू लागले. माझ्या जिवाला मात्र जरा गार वाटलं.

लिमातल्या लोकांबद्दलही एक सांगून ठेवते. त्यांची बोली कानाला सारखी टोचत राहते, कारण जो तो फोनवर, दुकानात, बसमध्ये 'या, या' म्हणत असतो. भाजीवाली या म्हणते, बसचा कंडक्टर या म्हणतो. मला वाटलं, काय अगत्य आहे. आपल्याकडे दारात गेलं तरी लोक टीव्हीवरून नजर काढत नाहीत.

तिसरा दिवस

पल्लवीला सकाळी ऑफिसातून बोलावणं आलं. सुट्टी कोरी ठेवली की तिच्यात दुसरे लोक लिहितात. ती गेली, आणि आम्ही दोघं फळं आणायला म्हणून खाली उतरलो. तिसऱ्या पानावर होतं: 'बाजारपेठ पाहिली. विश्रांती. विशेष काही नाही.'

बाजार सापडला नाही. दोन वळणं चुकलो आणि बुटक्या, निळ्या-पिवळ्या घरांच्या एका गल्लीत शिरलो. एका घराचं दार सताड उघडं होतं. दारात सत्तरीची एक बाई उभी, कानाला फोन, नजर रस्त्यावर. आम्ही समोर आलो आणि ती म्हणाली, "या. या, या, या."

हे थांबले. "बोलावून राह्यली."

"तिची तुमची ओळख कुठली?"

"चारदा म्हणली. बुढी बाई दारात उभी राहून या म्हनते अन् आपण तसंच जावं? लोक काय म्हनतीन?" आणि गिरदावर तिच्या शेजारून आत गेले. उंबऱ्यापाशी जोडे काढले, मोजे काढून जोड्यांत कोंबले आणि तिच्या बैठकीतल्या खुर्चीवर अनवाणी बसले. मलाही जोडे काढून मागोमाग जावं लागलं. नवऱ्याला परदेशात एकटं सोडून कसं चालेल, नाहीतर मी सोडलं असतं.

बाईचा फोन हातातच राहिला. तिनं ह्यांच्या पायांकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, उंबऱ्याजवळच्या जोड्यांच्या दोन जोड्यांकडे पाहिलं. मग फोनमध्ये काहीतरी बोलून तो बंद केला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "एल्सा."

पुढचे तीन तास मी कुठल्या पानावर लिहू? तिला मराठी येत नव्हतं आणि आम्हाला स्पॅनिश. ती मांस वाढायला निघाली तेव्हा मी हात जोडले. तिनं मान डोलावली आणि उकडलेले बटाटे आणले, त्यांवर पिवळ्या मिरचीचं आणि चीजचं दाट कालवण. मिरचीला आमच्या ठेच्याचा झटका नव्हता, पण वास असा की मला तीन पिशव्या आठवून लाज वाटली. आदिलाबादेत बटाट्यानं वात होतो म्हणणाऱ्या माणसानं तीनदा घेतलं. मग एल्सानं पावट्यासारख्या शेंगांची टोपली पुढ्यात घेतली, आणि हे उठून तिच्याजवळ बसले आणि शेंगा सोलू लागले. मी बत्तीस वर्षांत ह्यांना शेंग सोलताना पाहिलं नव्हतं. हे तिला इचोड्यातला कापूस समजावत होते. ती तिच्या मेलेल्या नवऱ्याचा फोटो दाखवत होती. दोघंही बरोबर जागी हं हं म्हणत होते. मी आपली मूर्खासारखी दोघांकडे पाहत बसले आणि मला बरं वाटत होतं.

निघताना हे आपल्या रीतीनं म्हणाले, "येतो मंग."

एल्सा म्हणाली, "या, या."

हे परत आत जाऊन बसले. माझ्या माहेरी निघालेल्या पाहुण्यालाही या म्हणतात, पण ते 'पुन्हा या' अशा अर्थानं, असं हात धरून मी सांगितलं तेव्हा उठले. दारात पुन्हा येतो, पुन्हा या, पुन्हा खुर्ची. तिसऱ्यांदा मी ह्यांचे जोडेच रस्त्यावर नेऊन ठेवले.

संध्याकाळी पल्लवीला सांगितलं तर ती जमिनीवर बसून हसली. "बाबा, या म्हणजे ये नाई. या म्हणजे झालं, ठीक हाय. आपल्याकडं तेलुगू लोक फोनवर सरे सरे नाई म्हणत का? तसं. ते फोनवर बोलून राह्यली होती."

हे खुर्चीच्या काठावर सरकले. "म्हणजे बोलावलंच नव्हतं?"

"नाई."

"मी एका बाईच्या घरात असाच घुसलो. तीन तास बसलो. जेवलो." ह्यांनी कपाळाला हात लावला. इतकं ओशाळलेलं मी ह्यांना नोकरीतही पाहिलं नव्हतं, आणि तिथं संधी पुष्कळ होत्या.

चौथा दिवस

चौथ्या पानावर 'सामानाची बांधाबांध' होती. सकाळी उठले ते हे जोडे घालूनच. "माफी मागाले जायचं हाय. पल्लवी, तू चाल, बोलाले." हातात लोणकर वहिनींचा लाडवांचा डबा. सुनीलचे लाडू एकदाचे कुठल्यातरी अमेरिकेत पोचले.

या वेळी दार बंद होतं आणि हे तीनदा घंटा वाजवून हात बांधून उभे राहिले. एल्सानं दार उघडलं. पल्लवीनं सगळं सांगितलं: आमच्या भाषेत या म्हणजे काय, बाबांना काय वाटलं, बाबांना किती वाईट वाटतंय. एल्सा ऐकत राहिली. मग ती जे बोलली ते पल्लवीनं आम्हाला जरा थांबून सांगितलं.

"ते म्हणते, मी हाकलणारच होते. पण ह्यांनी जोडे काढले. जोडे काढून आलेल्या माणसाले बाहेर कसं काढू?"

हे खाली पाहत होते. मग वाकून जोड्यांच्या नाड्या सोडू लागले.

आदिलाबाद

आल्यावर दुसऱ्याच दिवशी लोणकर वहिनी आल्या. सुनीलला लाडू पोचले का हे विचारायला त्या आल्या होत्या, पण हे म्हणाले, बसा, प्रवास सांगतो, आणि डायरी उघडली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. पुढे काय येणार ते मला दिसत होतं. माहूर झालं, इचोडा झालं, आता लिमाही होणार.

'पहाटे समुद्रातून होणाऱ्या सूर्योदयाचा मुआयना केला. चित्त प्रसन्न झाले.' वहिनी म्हणाल्या, वा. दुसरं पान. मातीचा डोंगर प्रेक्षणीय. वहिनी पुन्हा वा म्हणाल्या.

तिसरं पान. "'बाजारपेठ पाहिली. विश्रांती. विशेष काही नाही.'"

हे थांबले. पान तसंच धरून बसले. मग म्हणाले, "हे असं नाई झालं, वहिनी. हे खोटं लिवलं हाय." आणि डायरी मिटून बाजूला ठेवली, आणि एल्सा, बटाटे, शेंगा, जोडे, सगळं तोंडी सांगितलं, तेही स्वतःची फजिती न वगळता. वहिनींना त्यातलं फारसं पटलं नाही. लाडू एल्साला दिले हे कळल्यावर तर त्या चहा अर्धा ठेवूनच गेल्या.

मी कप उचलायला आले. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"ऐकलं का," हे म्हणाले. "त्या फ्लास्कले बूच नव्हतं ना? घरात सापडलंच नाई. मी रुमाल कोंबून आणला होता."

रुमालाचं मी ह्यांना कधीच सांगितलं नव्हतं. फ्लास्क सांगितला होता, चहा सांगितला होता, पण रुमाल नाही.

"चहाले रुमालाचा वास येत होता," मी म्हटलं. "सगळा प्यायले मी तो."